हॉटस्पॉट चालू, तरी टॅबवरचा निळा ठिपका हलत नाही? या चुका टाळा

पुण्याहून गुहागरला निघालो होतो. फोनची स्क्रीन लहान, म्हणून बाबांच्या मांडीवर वाय-फायवाला टॅब आणि त्याला माझ्या फोनचा हॉटस्पॉट. उंब्रजला हायवे सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो, तरी टॅबच्या नकाशावर आपली जागा दाखवणारा निळा ठिपका उंब्रजलाच. त्याच्याभोवती फिकट निळं वर्तुळ, अख्खं गाव मावेल एवढं. बाबांनी विचारलं, "अरे, हा पुढे का सरकत नाही?"

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. हॉटस्पॉटने टॅबला इंटरनेट मिळतं, जीपीएस नाही. उपग्रहांचे सिग्नल पकडायला जीपीएसला इंटरनेट लागतच नाही, पण टॅबमध्ये त्याची चिप हवी. ती नसेल तर टॅब आसपासच्या वाय-फाय राउटरवरून जागेचा अंदाज बांधतो. शहरात हे बरं जमतं. उसाच्या फडांमधल्या रस्त्यावर राउटर कुठून येणार?

आयपॅडचं सोपं आहे: सिमवाल्यात जीपीएस असतो, फक्त वाय-फायवाल्यात नसतो. अँड्रॉइडमध्ये मॉडेलगणिक फरक पडतो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी टॅबवर ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या, वाय-फाय बंद करा आणि मोकळ्या मैदानात थोडं चाला. पहिल्यांदा काही मिनिटं लागतील. ठिपका तुमच्याबरोबर चालला, तर जीपीएस आहे. आहे पण ठिपका दूरच दिसतोय, तर नकाशाच्या अ‍ॅपला अचूक लोकेशनची परवानगी दिली आहे का ते बघा.

चिप नसेल तर अँड्रॉइडवर फोनचं लोकेशन ब्लूटूथने टॅबला देणारी अ‍ॅप्स मिळतात. त्यासाठी टॅबच्या सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स हा एरवी लपलेला भाग उघडावा लागतो आणि तिथे ते अ‍ॅप 'मॉक लोकेशन'साठी, म्हणजे टॅबला बाहेरून लोकेशन पुरवण्यासाठी, निवडावं लागतं. प्रवास संपल्यावर ते बंद करायला लोक विसरतात. मग काही पेमेंटची अ‍ॅप्स चालायला नकार देतात.

हॉटस्पॉट मध्येच तुटत असेल, तर त्याच्या सेटिंगमधलं 'आपोआप बंद' काढा. आणि चार्जिंगला लावलेला, हॉटस्पॉट चालू असलेला फोन काचेमागे उन्हात ठेवू नका. तो तापला की चार्जिंग मंदावतं, कधी थांबतंही. कुंभार्ली घाटात रेंज जाते, म्हणून ऑफलाइन नकाशा हवाच. त्यावर ट्रॅफिक मात्र दिसत नाही.

चालकाने टॅब हातात धरणं तर नकोच. 1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमात रस्ता बघायला असं उपकरण वापरायची मुभा आहे, पण चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने.

माझं मत विचाराल तर चिप नसलेल्या टॅबकडून दिशा विचारूच नयेत. आम्ही पाटणला थांबून फोन होल्डरला लावला. रस्ता तो सांगत होता आणि बाबा टॅबवरच्या मोठ्या नकाशावर पुढची गावं वाचत होते: कोयनानगर, पोफळी, अलोरे.