एमएमएसचं स्पेशलायझेशन: फॉर्म भरण्याआधी या चुका टाळा

मुंबई विद्यापीठाच्या एमएमएसला, म्हणजे मॅनेजमेंटच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं शिकावं लागतं. फायनान्स, मार्केटिंग, एचआर, ऑपरेशन्स की सिस्टिम्स, हे ठरतं दुसऱ्या वर्षी. त्यामुळे बरीच मुलं तिसऱ्या सेमपर्यंत निवांत असतात, आणि पहिली चूक तिथेच होते. दुसऱ्या सेमनंतर उन्हाळ्यात दोन महिन्यांची इंटर्नशिप असते. तिच्या मुलाखती त्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. ही इंटर्नशिप बँकेच्या क्रेडिट विभागात (कर्ज देणाऱ्या) केली आणि नंतर फॉर्मवर मार्केटिंग लिहिलं, तर फायनल प्लेसमेंटला त्याचा जाब द्यावाच लागतो. म्हणजे मनाशी निर्णय पहिल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास झालेला बरा.

दुसरी चूक सरासरी पॅकेज बघून भुलण्याची. दहापैकी नऊ जणांना आठ लाख मिळाले आणि एकाला चाळीस, तर सरासरी होते अकरा लाख वीस हजार. माहितीपत्रकात हाच आकडा झळकतो. वर्गातल्या मधल्या मुलाला मिळाले मात्र आठच. म्हणून प्लेसमेंट सेलकडे मेडियन, म्हणजे हा मधला आकडा, विचारा, तोही स्पेशलायझेशननुसार. कंपन्यांच्या नावांपेक्षा कोणत्या पदावर घेतलं हे महत्त्वाचं. बीकेसीतल्या बँकेत ‘रिलेशनशिप मॅनेजर’ म्हणून लागणं आणि ट्रेझरीत (बँकेच्या स्वतःच्या पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या विभागात) लागणं यांत फरक आहे. पहिल्याला खाती आणि विम्याचं टार्गेट असतं. (घरच्यांना अर्थात दोन्ही सारखंच. डोंबिवलीत ‘बँकेत लागला’ म्हटलं की विषय संपतो.)

मार्केटिंग म्हणजे जाहिराती, हा गैरसमज अजून टिकून आहे. पहिली नोकरी बहुधा सेल्सची असते: वितरकाचा स्टॉक, दुकानदाराची उधारी, महिनाअखेरचं टार्गेट, आणि पोस्टिंग जळगावलाही मिळू शकतं. मुंबई सोडायचीच नसेल तर हे आधी तपासा.

सगळ्यात वाईट निवड म्हणजे पळवाट म्हणून केलेली. ‘गणित नको म्हणून एचआर’ हे वाक्य दर बॅचला ऐकू येतं. पगारपत्रक, पीएफ, ग्रॅच्युइटी हे सगळं आकड्यांचंच काम आहे. त्यात 21 नोव्हेंबर 2025 पासून 29 जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतनाची व्याख्याही बदलली: ठरावीक भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरायचा. ही मांडणी ज्याला समजते, त्याला एचआरमध्ये मान आहे. नुसतं ‘मला माणसं आवडतात’ एवढ्यावर मुलाखत पुढे सरकत नाही.

ऑपरेशन्सकडे तर कुणी बघतच नाही. न्हावा शेवाचं बंदर आणि भिवंडीची गोदामं इतकी जवळ असताना हे दुर्लक्ष मला तरी कळत नाही. मात्र संख्या कमी असली की काही संस्था तो गट चालवतच नाहीत, तेव्हा पर्याय कागदावरच आहे की खरोखर, हे कार्यालयात विचारून घ्या. नोकरी सांभाळून एमएफएम (फायनान्सचा) किंवा एमएमएम (मार्केटिंगचा) हा अर्धवेळ अभ्यासक्रम करणाऱ्यांनी आणखी सावध असावं. तिथे विषय प्रवेशाच्या वेळीच ठरलेला असतो.

आता, निवड चुकलीच असं वाटत असेल तर? आधी बघा, विषय चुकलाय की एखादा शिकवणारा आवडत नाहीये. शिक्षक सेमपुरते असतात. विषयच नकोसा असेल तर बऱ्याच संस्था तिसऱ्या सेमच्या सुरुवातीला थोडे दिवस बदलाची मुभा देतात. तारीख नोटीस बोर्डावर शोधा. ती टळली असेल तर प्रोजेक्ट हव्या त्या क्षेत्रातला घ्या आणि जोडीला एनआयएसएम या शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची एखादी परीक्षा किंवा एक्सेलवर केलेलं दाखवण्याजोगं काम ठेवा. बदलाचा अर्ज करणार असाल तर लेखी द्या, पोच घ्या, आणि नव्या गटातले बुडलेले तास हजेरीत कसे धरणार हे त्याच दिवशी विचारा.