आवाज ट्रान्स्फरचा, की दुसऱ्याच कुणाचा? जुन्या फोर बाय फोर जीपची तपासणी

जुन्या महिंद्रा जीपखालून घरघर यायला लागली की गॅरेजमध्ये पहिला संशय ट्रान्स्फर केसवर, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या धुऱ्यांना वाटणाऱ्या पेटीवर जातो, आणि बऱ्याचदा पेटी विनाकारण उतरवली जाते. सीजे आणि एमएम ५४० घराण्यातल्या जीपमध्ये स्पायसर १८ ही विलीजच्या काळापासूनची ट्रान्स्फर केस असते. तिच्यात हायमध्येसुद्धा (हाय म्हणजे नेहमीचा वेग, लो म्हणजे हळू पण जास्त ओढ) जोर थेट मागे जात नाही. गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टवरच्या गिअरवरून तो इंटरमिजिएट गिअरवर जातो आणि तिथून आउटपुट शाफ्टवर. म्हणजे दात कायम एकमेकांवर चालतात, त्यामुळे गाडी टॉप गिअरला असली तरी थोडी घरघर राहणारच. ती जन्मजात आहे, तिच्यावर पैसे घालवू नका. आवाज वाढला असेल, सूर बदलला असेल किंवा सोबत खडखड आली असेल, तरच पुढे जा.

गाडी उचलण्याआधी हे वाचा. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावर असेल, तर तो चाकं धरत नाही, मागचा प्रोपेलर शाफ्ट (धुऱ्याकडे जोर नेणारा दांडा) धरतो. मागचं एक चाक जॅकवर गेलं की डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा धुऱ्यातला गिअरसंच) त्या चाकाला फिरू देतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. गिअरमध्ये ठेवूनही हाच धोका. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि चासीखाली स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली शिरू नका.

आधी रस्त्यावर कान लावा. टू-व्हील हायमध्ये सपाट रस्त्यावर ४०–५० च्या वेगाने चला. आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल तर तो गिअरबॉक्सचा. सगळ्या गिअरमध्ये येऊन गाडीच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल, तर ट्रान्स्फर, प्रोपेलर शाफ्ट किंवा डिफरन्शिअल. ॲक्सिलरेटरवर पाय दाबल्यावर वाढणारा आणि सोडल्यावर दबणारा हुंकार बहुधा क्राऊन-पिनियनचा (डिफरन्शिअलमधल्या मुख्य गिअरजोडीचा) असतो. पाय सोडल्यावरच येत असेल तर पिनियनची बेअरिंग ढिली असण्याची शक्यता जास्त. वळणावर एका बाजूला वाढत असेल तर चाकाची बेअरिंग बघा.

पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब (चाक एक्सलला जोडणारे-सोडणारे) असतील तर काम सोपं होतं. टू-व्हीलमध्येच हब लॉक करून एक फेरी मारा, मग अनलॉक करून दुसरी. अनलॉक केल्यावर आवाज गेला तर दोष पुढच्या डिफरन्शिअलमध्ये, पुढच्या शाफ्टमध्ये किंवा ट्रान्स्फरच्या पुढच्या आउटपुटच्या बेअरिंगमध्ये. तसाच राहिला तर पुढचा धुरा सोडून द्या.

थरथर ओळखायला थोडं गणित लागतं. ६.००-१६ चा टायर ६० च्या वेगाला मिनिटाला सुमारे ४४० फेरे घेतो. डिफरन्शिअल ५.३८ चं (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे) असेल तर प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी २४०० च्या आसपास फिरतो. स्टिअरिंग किंवा सीट हळू डुलत असेल तर टायर आणि रिम तपासा. तळव्याला बारीक झिणझिण लागत असेल तर शाफ्ट.

आता शाफ्ट. गाडी ठोकळ्यांवर, इंजिन बंद. शाफ्ट हाताने धरून क्रॉसपाशी (टोकाच्या सांध्यातल्या चार हातांच्या तुकड्यापाशी) दोन्ही दिशांना पिळा आणि वर-खाली हलवा. क्रॉस आणि योक (त्याला धरणारा दुहेरी काटा) यांच्यात डोळ्याला दिसणारी हालचाल नको. क्रॉसच्या टोकावरच्या कपाच्या तोंडाशी तांबूस भुकटी दिसली तर आत बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून गंजल्या आहेत. आता नुसतं ग्रीस मारून उपयोग नाही. निघताना एकदाच ‘टक्’ आणि हळू चालवताना चिवचिव, ही क्रॉसचीच खूण. नवीन क्रॉस बसवल्यावर निप्पलमधून ग्रीस चारही कपांच्या सीलमधून बाहेर येईपर्यंत मारा. एक कप कोरडा राहिला तर तोच आधी जाईल.

शाफ्ट काढण्याआधी स्लिप जॉइंटच्या (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सरकत्या सांध्याच्या) दोन्ही भागांवर खूण करा. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. स्प्लाइन (सांध्यातले उभे दात) एक-दोन दात सरकून बसली तर नवीन क्रॉस असूनही गाडी थरथरते आणि मिस्त्री शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवतो. लांब शॅकल (पाट्यांची स्प्रिंग चासीला जोडणारे दुवे) घालून उंच केलेल्या जीपमध्ये पिनियनचा कोन बिघडलेला असतो. ट्रान्स्फरचा मागचा योक आणि पिनियनचा योक समांतर हवेत. मोबाईलमधला लेव्हल दोन्हीवर टेकवून बघा.

पुढची चाकं खरंच ओढतात का, हे इंजिन बंद ठेवूनच कळतं. गिअरबॉक्स पहिल्या गिअरमध्ये, ट्रान्स्फर फोर-व्हील हायमध्ये, हब लॉक. पुढचं एकच चाक उचलून हाताने फिरवा. ते अडकलंच पाहिजे. चाकाबरोबर पुढचा शाफ्टही फिरला तर ट्रान्स्फरमध्ये पुढचा गिअर लागलेलाच नाही. चाक फिरलं आणि शाफ्ट स्थिर राहिला तर हब, एक्सल किंवा डिफरन्शिअल तुटलेलं आहे.

ट्रान्स्फरचा लिव्हर अडकून बसला तर दर वेळी दोष पेटीचा नसतो. या गाड्यांत मधलं डिफरन्शिअल नाही. डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये चालवली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी झगडत ताणले जातात. चार-सहा फूट रिव्हर्स घ्या, ताण सुटला की लिव्हर येतो. मोकळ्या मातीतही तो अडकत असेल तर पुढचे-मागचे टायर एकाच मापाचे आणि हवेचे आहेत का बघा. मग डिफरन्शिअलची गुणोत्तरं मोजा: एक चाक उचला, दुसरं जमिनीवर, ट्रान्स्फर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, बाकी चाकांना ठोकळे. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. जवळपास पाच आणि तीन अष्टमांश आले तर ५.३८, पावणेपाचपेक्षा थोडे जास्त आले तर ४.८८. भंगारातून पुढचा धुरा आणून बसवलेल्या जीपमध्ये दोन टोकांना दोन वेगळी गुणोत्तरं सापडू शकतात.

लो किंवा फोर-व्हील सुटून बाहेर येत असेल, तर कधी सुटतं ते आधी लक्षात घ्या. खड्ड्यात आदळल्यावर सुटत असेल तर शिफ्ट रॉडवरची (लिव्हरने सरकणाऱ्या दांड्यावरची) स्प्रिंग आणि गोळी संशयित. पुढच्या कॅपवरचे प्लग उघडून स्प्रिंग मोडली आहे का, रॉडवरची खाच गोल झाली आहे का ते बघा. चढावर पूर्ण जोरात सुटत असेल तर दातांची टोकं झिजून निमुळती झाली आहेत, शिफ्ट फोर्क घासला आहे किंवा आउटपुट शाफ्ट पुढे-मागे सरकतो आहे. हा शाफ्ट टेपर बेअरिंगवर चालतो. त्याची लांबीतली हालचाल ०.१ ते ०.२ मिलिमीटर असावी आणि ती मागच्या कॅपखालच्या शिमने (पातळ चकत्यांनी) साधतात. डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं साधन) नसेल तर इथे अंदाजाने शिम काढू नका. घट्ट झालेली बेअरिंग लवकर जळते.

त्याही आधी दोन फुकटच्या गोष्टी तपासा. लिव्हर फ्लोअर प्लेटला घासतो का, आणि खालच्या क्रॉस मेंबरचे रबर माउंट फाटले आहेत का. जोर लागला की पेटी उचलली जाते, लिव्हर प्लेटला टेकतो आणि गिअर बाहेर येतो.

रॉड काढलेच तर दोन रॉडमधला इंटरलॉकचा तुकडा परत बसवा. फोर-व्हील लागल्याशिवाय लो लागू नये, हे काम तो करतो. काही जण टू-व्हील लो मिळावा म्हणून तो मुद्दाम काढतात. मग लोचा सगळा जोर एकट्या मागच्या धुऱ्यावर जातो आणि एक्सल तुटतो.

तेल एसएई ९०. पेटीत साधारण दीड लिटर, पण मोजून ओतण्यापेक्षा भरायच्या भोकाच्या काठापर्यंत, गाडी सपाट जागी. हँडब्रेक धरेनासा झाला तर लायनर बदलण्याआधी ड्रम उघडा. मागच्या आउटपुटचं सील गळलं की तेल थेट लायनरवर येतं. इंटरमिजिएट शाफ्टच्या टोकाशी ओल असेल तर शाफ्टचं भोक झिजलं आहे का बघा, नुसत्या सीलंटने ते थांबत नाही.

पेटी खरोखर संशयित ठरली तर आधी मागचं पाच बोल्टचं गोल झाकण काढा. आत मेनशाफ्टचा गिअर आणि त्याचा नट दिसतो. नट ढिला होऊन गिअर स्प्लाइनवर हलत असेल तर घरघर आणि खडखड दोन्ही तिथूनच येतात, आणि हा नट पेटी न उतरवता आवळता येतो. नटाची पिन मात्र नवी घाला.