‘एस इन द होल’: डीव्हीडी की ब्लू-रे?
बिली वाइल्डर यांच्या १९५१ सालच्या या चित्रपटाच्या क्रायटेरियन या जुने चित्रपट चकत्यांवर काढणाऱ्या अमेरिकी कंपनीने काढलेल्या २००७ ची डीव्हीडी आणि २०१४ ची ब्लू-रे या आवृत्त्या ताडून पाहायच्या असतील, तर खोलीत अंधार करून, एकाच पडद्यावर, गुहेतला एकच प्रसंग दोन्हींतून लावावा. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या लिओच्या चेहऱ्यावरची धूळ मागच्या काळोखापासून वेगळी दिसते का, हे आधी पाहावे. काळा रंग राखाडी पडत असेल, तर पडद्याचा ब्राइटनेस तपासल्याखेरीज चकतीला दोष देऊ नये. चित्रचौकटीच्या रुंदी-उंचीचे प्रमाण १.३७:१ असल्याने आजच्या रुंद पडद्यावर बाजूच्या काळ्या पट्ट्या योग्यच आहेत. त्या घालवायला चित्र ताणले, तर कर्क डग्लस उगाचच स्थूल दिसतात. ब्लू-रे मागवण्यापूर्वी प्लेअर मात्र तपासावा, कारण ब्लू-रे चकत्या आणि प्लेअर जगाच्या ठरावीक विभागांपुरते बांधलेले असू शकतात; ही चकती ‘ए’ विभागाची आहे आणि भारत ‘सी’ विभागात येतो.