प्रायोगिक आणि सैद्धांतिक संभाव्यता: फरक स्वतः करून कसा बघायचा

एक नाणं, वही, पेन. पहिल्यांदा करताय तर फासा नको, नाण्याचा हिशोब सोपा पडतो.

१. नाणं उडवायच्या आधीच उत्तर लिहा. छापा आणि काटा दोन्ही सारखेच शक्य, म्हणून छाप्याची संभाव्यता १/२. ही झाली सैद्धांतिक. "सारखेच शक्य" हे आपण धरून चाललोय, तपासलेलं नाहीये, एवढं लक्षात ठेवा.

२. १०० वेळा उडवा, प्रत्येक वेळी लगेच नोंद करा. "हा टॉस नीट नाही बसला" म्हणून परत उडवायचं नाही, अजिबात नाही.

३. छापे भागिले एकूण टॉस. ४६ आले तर ०.४६, ही प्रायोगिक.

४. आता तुलना, आणि सगळे अडकतात ते इथेच. "जास्त वेळा केलं की दोन्ही सारखे होतात" एवढं एक वाक्य सांगून लोक मोकळे होतात, त्या वाक्यानेच सगळा घोळ होतो. मग कोणाला वाटतं ५० च यायला हवे होते, कोणी ४६ बघून नाणंच खोटं ठरवतं, आणि काहीजण तर आकडा जुळावा म्हणून नोंदी बदलतात, हे मी कितीतरी वेळा बघितलंय आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण ०.४६ हे एकदम चांगलं उत्तर आहे.

मग किती फरक चालतो? टॉसच्या संख्येचं वर्गमूळ काढा. नाणं खरं असेल तर छापे साधारण ९५ टक्के वेळा निम्म्यापासून तेवढ्याच अंतरात येतात. १०० टॉसचं वर्गमूळ १०, म्हणजे ४० ते ६०. ४६ त्यात आरामात बसतं. ७० आले असते तर मात्र मीही नाण्यावर संशय घेतला असता.

आणि कृपया हे मनातून काढा की सलग छापे आले की आता काट्याची पाळी. नाण्याला मागचं काही आठवत नाही. समजा १०० मध्ये ६० छापे आले, म्हणजे १० जादा, आणि पुढच्या ९०० मध्ये बरोबर निम्मे ४५० आले, तर एकूण १००० मध्ये ५१०. जादाचे १० तसेच राहिले, कोणी भरून काढले नाहीत, तरी ०.६० चं ०.५१ झालं. म्हणजे गुणोत्तर जवळ येतं, संख्येतला फरक उलट वाढूही शकतो. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत असताना जॉन केरिच या गणितज्ञाने १०,००० वेळा नाणं उडवलं, छापे आले ५,०६७. निम्म्याहून ६७ जास्त! पण वर्गमूळ १००, म्हणजे मर्यादेतच, आणि गुणोत्तर ०.५०६७.

५. नाणं झालं की ड्रॉइंग पिन टाकून बघा, टोक वर की आडवी. इथे दोन बाजू सारख्या नाहीत, त्यामुळे "दोन शक्यता म्हणून १/२" असं चुकूनही लिहू नका. पायरी १ सोडून द्या, प्रायोगिक आकडा हेच तुमचं उत्तर, फक्त त्याच्यासोबत पिन किती वेळा टाकली ते लिहा.