करिंथकरांस पहिले पत्र: मंडळीत बसून कसे अभ्यासावे

हे बायबलच्या नव्या करारातले, पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला (ख्रिस्ती समुदायाला) लिहिलेले पत्र. पहिल्या बैठकीत त्याचे सोळाही अध्याय सलग, मोठ्याने वाचा. तासाभराचे काम आहे. नवापूर-नंदुरबारकडे घरी मावची किंवा भिली बोलणारे बरेच असतात. प्रत्येक अध्यायानंतर एकाने सार त्या बोलीत सांगावे. ही पत्रे मुळात मंडळीला ऐकवण्यासाठीच लिहिलेली होती.

मग पेन्सिल घेऊन फक्त भांडणे शोधा. १:१२ मध्ये (अध्याय १, वचन १२) पौल, अपुल्लोस, केफा (म्हणजे पेत्र) या पुढाऱ्यांच्या नावाने तट पडलेले दिसतात. ६:१ मध्ये कोर्टकज्जा. ११:२१ मात्र सावकाश वाचा: प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत मंडळीने एकत्र घ्यायच्या भोजनाला) एक जण उपाशी, दुसरा पिऊन तर्र. फूट ताटात उतरली होती! इथे घाई केली तर पुढचे काहीच नीट उमगत नाही.

सर्वांत जास्त चूक होते ती ‘तुम्ही’ या शब्दात. ३:१६ मधले ‘तुम्ही देवाचे मंदिर’ मूळ ग्रीकमध्ये अनेकवचनी आहे. आदरार्थी समजून ते एकट्याला लावले की मंडळीच अर्थातून गळते. म्हणून ‘तुम्ही सगळे’ असे वाचून पाहा. तेराव्या अध्यायाचेही तसेच. तो लग्नात वाचतात, पण बारा आणि चौदा यांच्यामध्ये ठेवल्यावरच कळते की ही प्रीती कृपादानांवरून (देवाच्या आत्म्याने दिलेल्या देणग्यांवरून) चढाओढ करणाऱ्यांना शिकवली आहे.

शेवटी रोमच्या मंडळीचा पुढारी क्लेमेंट याच्या नावाने ओळखले जाणारे पत्र घ्या. साधारण इ.स. ९६ मध्ये रोमच्या मंडळीने ते याच करिंथला पाठवले, कारण तिथे मंडळीच्या वडीलजनांना (पुढाऱ्यांना) पदावरून काढले होते. ४७व्या अध्यायात तो पौलाचे हेच पत्र पुन्हा हातात घ्यायला सांगतो. पौलाचे १:१२ आणि क्लेमेंटचा हा अध्याय शेजारी ठेवून विचारा: चाळीसेक वर्षांत तटांचे कारण बदलले का?