चिमणराव-गुंड्याभाऊंच्या मालिकेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांसाठी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील मालिका कृष्णधवल पडद्यावर आली. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ज्यांनी तेव्हा पाहिले, त्यांच्या डोळ्यांपुढून ती जोडी आजही हलत नाही. या मालिकेचा इतिहास लिहायला घेणाऱ्या चाहत्याने सर्वांत आधी या स्मरणाचाच बंदोबस्त करावा.

कोणतेही पुस्तक किंवा कात्रण हाती घेण्यापूर्वी आपल्याला जे आठवते ते सगळे एका वहीत उतरवून काढावे आणि खाली तारीख घालावी. शेजाऱ्यांच्या घरी सतरंजीवर बसून पाहिलेला भाग, चिमणरावांची बायको काऊ हिचा एखादा कटाक्ष, त्यांच्या राघू-मैना या मुलांची भांडणे, काहीही वगळू नये. ही वही पुढे पुरावा म्हणून नव्हे, तर पडताळणीसाठी उपयोगी पडते. गुंड्याभाऊ सोटा सरसावून उभा राहतो असा एक प्रसंग मी वर्षानुवर्षे ‘टीव्हीवर पाहिलेला’ म्हणून सांगत होतो. मूळ कथा पुन्हा वाचली तेव्हा कळले की मला पाठ असलेली वाक्ये शब्दशः पुस्तकातली होती आणि त्यांना नटांचे चेहरे माझ्या मनाने मागाहून जोडले होते. तेव्हापासून प्रत्येक नोंदीपुढे मी ‘पाहिलेले’, ‘छापील’ किंवा ‘ऐकीव’ यांपैकी एक शब्द लिहितो, आणि हा रकाना रिकामा असलेली नोंद कच्चीच समजतो.

त्यानंतर वर्तमानपत्रांकडे वळावे. त्या काळी दैनिकांत दूरदर्शनची रोजची कार्यक्रमपत्रिका छापून येत असे आणि मालिकेच्या भागांचा कालक्रम लावायला तिच्याइतके भरवशाचे साधन नाही. जुन्या अंकांच्या बांधीव फायली मोठ्या ग्रंथसंग्रहालयांत पाहायला मिळतात. कागद ठिसूळ झालेला असतो, म्हणून पान दोन्ही हातांनी उलटावे, फ्लॅश बंद ठेवून छायाचित्र घ्यावे आणि वृत्तपत्राचे नाव, तारीख व पृष्ठांक त्याच छायाचित्रात येतील असे पाहावे. नुसत्या कात्रणाचे मोल तारीख हरवली की जवळजवळ संपते. छापलेला कार्यक्रम ऐनवेळी बदलला जाणेही शक्य असल्यामुळे, दुसऱ्या दिवसापासूनचा वाचकांचा पत्रव्यवहारही चाळावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण खरा इतिहास इथेच सापडतो.

मुलाखती लांबणीवर टाकू नयेत. ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे गेले, आणि त्या पिढीतील कलावंत व तंत्रज्ञ आता मोजकेच उरले आहेत. प्रसिद्ध नटांनी आपल्या आठवणी अनेकदा सांगितलेल्या असतात, त्यामुळे कॅमेरा, प्रकाशयोजना, रंगभूषा, नेपथ्य सांभाळणाऱ्यांना आधी गाठावे. ‘काय आठवते?’ असे मोघम विचारण्यापेक्षा एखादे छायाचित्र समोर ठेवून ‘ही खुर्ची कुठून आणली होती?’ असे विचारले की बोलणे मोकळे होते. ध्वनिमुद्रणाची परवानगी लेखी घ्यावी आणि काही आठवड्यांनी पुन्हा भेटावे, कारण पहिल्या भेटीने जागी झालेली आठवण बहुधा दुसऱ्या भेटीत ओठांवर येते.

चित्रफितींबाबत मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. फीत महाग असल्याने जुना कार्यक्रम पुसून तिच्यावरच नवा मुद्रित करण्याची पद्धत त्या काळी होती, म्हणून कोणता भाग शिल्लक आहे हे गृहीत न धरता विचारून घ्यावे. दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येते. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे न लिहिता मालिकेचे नाव, प्रसारणाची वर्षे आणि कार्यक्रमपत्रिकेतून मिळालेल्या तारखा द्याव्यात. घरगुती मुद्रणाची जुनी कॅसेट कुणाकडे निघाली आणि तिच्या फितीवर पांढरट बुरशी दिसली, तर ती यंत्रात घालण्याचा मोह आवरावा व जाणकाराकडून स्वच्छ करून घेऊनच तिचे रूपांतर करावे. रूपांतरित प्रत हाती आली तरी प्रक्षेपणाचे हक्क आपले नसतात, त्यामुळे ती सर्वांसाठी खुली करण्याआधी हक्कधारकाची लेखी संमती मागावी.