उचकी थांबत नाही? आधी घरी काय करायचं आणि दवाखाना कधी गाठायचा

उचकी लागली की आपल्याकडं घरातलं कुणीतरी म्हणणारच, बघ कोण आठवण काढायलंय, मग मामा, मावशी, आत्या सगळ्यांची नावं घ्यायची आणि ज्याच्या नावावर थांबली त्याला फोन लावायचा. छान आहे ते, करा खुशाल, पण साधी उचकी बहुतेक वेळा काही मिनिटांत आपोआपच जाते, नाव कुणाचंही घ्या.

होतं काय, तर छाती आणि पोटाच्या मधे स्नायूचा एक पडदा असतो, श्वासपटल, तो आपल्याला न विचारता अचानक आकसतो, हवा झटक्यात आत ओढली जाते आणि त्याच क्षणी घशातले स्वरतंतू खटकन मिटतात, तोच तो आवाज. यात मुख्य दोन नसा असतात, एक मानेतून श्वासपटलाकडं जाणारी आणि दुसरी व्हेगस, जी मेंदूतून घसा, छाती करत पार पोटापर्यंत उतरते. म्हणजे पोट तट्ट फुगलं तरी उचकी आणि घशाला चटका बसला तरी उचकी. लग्नाच्या पंगतीत बकाबका जेवून वरून गार सोडा पिला, ठेच्यासोबत भाकरीचे कोरडे घास घाईघाईनं गिळले, कडक चहावर लगेच फ्रीजचं पाणी, दारू, सिगरेट, पोट धरून हसणं, टेन्शन, यातलं काहीही पुरतं.

आता उपाय. मी आधी श्वासच सांगते, कारण त्याला काही लागत नाही, पण लोक नुसतं नाक दाबून बसतात आणि लगेच सोडतात. ताठ बसा, सावकाश पूर्ण श्वास घ्या, छाती भरली की वर अजून थोडी हवा ओढा, मग जमेल तेवढा वेळ धरून ठेवा, दहा-पंधरा सेकंद तरी, आणि हळूहळू सोडा, असं तीन-चारदा. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि श्वासपटलाचे झटके कमी व्हायला मदत होते. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा.

नाही थांबली तर एक चमचा साखर कोरडीच जिभेवर घेऊन गिळायची, पाणी नाही. हे आजीबाईचं वाटेल पण 1971 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 20 जणांवर करून बघितलं होतं आणि 19 जणांची थांबली, पेशंट थोडेच होते तरी करून बघायला काय जातंय. शुगर असलेल्यांनी साखरेच्या नादी लागू नका, गार पाणी न थांबता छोट्या छोट्या घोटांनी प्या. गुडघे पोटाशी घेऊन थोडं पुढं वाकून बसलं तरी काहींना आराम पडतो.

मागून जाऊन भ्या दाखवणं, डोळे दाबणं, तोंडावर प्लास्टिकची पिशवी धरणं हे प्लीज करू नका, म्हाताऱ्या माणसासोबत तर अजिबातच नाही.

तान्ह्या बाळाला उचकी लागणं नॉर्मल आहे. खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवा, ढेकर काढा, बस. सहा महिन्यांच्या आत पाणी नाही आणि वर्षाच्या आत मध तर बोटावरचाही नाही, घरात मोठ्यांनी कितीही आग्रह केला तरी.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायलेय ते. उचकी 48 तासांच्या पुढं गेली तर घरगुती उपाय बंद करा आणि डॉक्टरकडं चला. ॲसिडिटी असू शकते, पण किडनी नीट काम करत नसेल, रक्तातलं सोडियम कमी झालं असेल, तरीही अशी उचकी लागते, आणि आपल्याकडं घरातले म्हातारे "उचकीसाठी काय दवाखाना" म्हणून बाजेवर पडून राहतात, जेवण सुटतं, झोप सुटते. उचकीसोबत तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूच्या हातापायातली ताकद जाणं किंवा छातीत दुखणं असेल तर दोन दिवस काय दोन तासही बघायचं नाही, सरळ 108 लावा.

दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, कारण स्टेरॉइडसारख्या काही औषधांनीही उचकी लागते. उचकी कधीपासून आहे, झोपेतही येते का आणि लघवी कमी झालीय का, हे विचारायची वाट न बघता आधीच सांगा.